मसुद्याचा साचा बदलताना

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात निकाल दिला. न वटलेला धनादेश एक कोटी रुपयांचा होता, पण पैसे मागण्यासाठी पाठवलेल्या नोटिशीत आकडा पडला होता दोन कोटींचा. टाइप करताना चूक झाली, असे फिर्यादीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालची नोटीस धनादेशाच्या रकमेचीच असली पाहिजे. आकडा वेगळा असेल तर ती नोटीस कायद्याच्या दृष्टीने वैध नाही, असे ठरले आणि फिर्याद गेली.

कलम १३८ची नोटीस हा वकिलांच्या कचेऱ्यांतला रोजचा कागद. नोटीस तीच, परिच्छेद तेच. बदलतात ती नावे, पत्ते, धनादेशाचा क्रमांक, तारखा आणि रक्कम. म्हणून अनेक ठिकाणी पद्धत अशी पडली आहे की मागच्या पक्षकाराची फाईल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायचे आणि बदलायचे ते बदलायचे. पहिल्या पानावरचे नाव बदलले जाते, चौथ्या पानावर जुनेच राहते. आकड्यातली रक्कम बदलते, अक्षरी रक्कम तशीच राहते. घाई असते, मुदत संपत आलेली असते आणि डोळा तोच मजकूर इतक्यांदा वाचून सरावलेला असतो की चूक दिसतच नाही.

खटल्यांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आता आपल्याकडेही बऱ्याच कचेऱ्यांत आली आहेत. त्यांतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे टेम्प्लेट, मसुद्याचा साचा. कल्पना सोपी आहे. पक्षकाराचे नाव, सामनेवाल्याचा पत्ता, धनादेशाची रक्कम ही माहिती सॉफ्टवेअरमध्ये एकदाच भरायची. नोटिशीच्या साच्यात त्या त्या जागी खरे नाव न लिहिता एक खूण ठेवायची. कॅनडातल्या क्लिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही खूण दुहेरी कोनी कंसांत असते. खुल्या स्रोताच्या डॉकअसेंबलमध्ये ती महिरपी कंसांच्या जोडीत असते. बटण दाबले की प्रत्येक खुणेच्या जागी खरी माहिती बसते आणि नोटीस तयार होते. रक्कम साच्यात चार ठिकाणी असली तरी ती येते एकाच नोंदीतून. त्यामुळे एका जागी एक कोटी आणि दुसऱ्या जागी दोन कोटी असे होत नाही. नोंदच चुकली तर चारही ठिकाणी चुकीचा आकडा येतो, पण मग तपासायची जागाही एकच उरते.

साचा ही संगणकाने आणलेली नवलाई नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला जोडलेल्या परिशिष्टांत दाव्यांचे, समन्सचे, हुकूमनाम्यांचे नमुने छापलेले आहेत. त्यांत वादीच्या जागी ‘ए. बी.’ आणि प्रतिवादीच्या जागी ‘सी. डी.’ अशी अक्षरे आहेत. आजच्या सॉफ्टवेअरमधल्या खुणेचे काम ती अक्षरे करतात. त्याच संहितेच्या आदेश ६, नियम ३मध्ये म्हटले आहे की नमुना लागू पडत असेल तिथे तो वापरावा आणि पडत नसेल तिथे शक्य तितका त्याच धर्तीचा. नमुना प्रकरणाप्रमाणे बदलावा लागतो, हे कायदा करणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. अडचण एवढीच, की तो बदल कोणी, कसा आणि कधी करायचा हे बहुतेक कचेऱ्यांत ठरलेले नसते.

साचा बदलणे हे टंकलेखनाचे काम समजले जाते. माझ्या मते ते वकिलीचे काम आहे. एका नोटिशीतली चूक एका पक्षकाराला भोवते. साच्यातली चूक त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नोटिशीत जाते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती कितीतरी फायलींत शिरलेली असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण १ जुलै २०२४चे. त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम हे तिन्ही कायदे गेले. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. देशातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाचा जवळजवळ प्रत्येक साचा एका रात्रीत जुना झाला. पहिली प्रतिक्रिया साहजिक होती: ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून कलमांचे आकडे बदलून टाकू. त्यातला धोका जवळून पाहण्यासारखा आहे. अटकपूर्व जामिनाचे जुने कलम ४३८ आता ४८२ झाले. पण जुन्या संहितेत ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते. गुन्हा रद्द करून मागायचा तो त्याखाली, आणि आता ते ५२८ झाले आहे. समजा कुणी सगळ्या साच्यांवर आधी ४३८च्या जागी ४८२ घातले आणि मग ४८२च्या जागी ५२८, तर अटकपूर्व जामिनाच्या अर्जावरही ५२८ येऊन बसेल. संगणकाने सांगितले तेवढेच केलेले असते. क्रम उलटा घेतला तर हा घोटाळा टळतो, पण कुठले ४८२ जुने आणि कुठले नवे हे ओळखायला कायदा माहीत असणारा माणूसच लागतो.

कलमे बदलून भागत नाही, अशीही ठिकाणे आहेत. मोबाइलवरचे संदेश, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा संगणकातला हिशेब पुरावा म्हणून द्यायचा तर पूर्वी कलम ६५-बचे प्रमाणपत्र लागे. त्याचा ठरलेला नमुना कायद्यात नव्हता, प्रत्येक कचेरीचा आपापला होता. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने अनुसूचीत नमुनाच दिला. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. इलेक्ट्रॉनिक नोंदीची हॅश व्हॅल्यू लिहायची आणि ती कोणत्या अल्गोरिदमने काढली तेही नोंदवायचे. जुन्या प्रमाणपत्रावर ६५-ब खोडून ६३ लिहिले तर तो कागद नव्या कायद्याचा होत नाही. तो साचा मोडीत काढून नवाच करावा लागतो.

मग जुने साचे पुसून टाकायचे का? मुळीच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१प्रमाणे १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेले अर्ज, तपास, खटले आणि अपिले जुन्या संहितेप्रमाणेच पुढे चालतात. गुन्हा कोणत्या कायद्याखालचा, हे तो घडला त्या तारखेवर ठरते. म्हणजे मे २०२४मध्ये घडलेल्या फसवणुकीला दंड संहितेचे कलम ४२०च लागणार, न्याय संहितेचे ३१८(४) नव्हे. गुन्हा ऑगस्टमध्ये नोंदला गेला असेल, तर कार्यपद्धती मात्र नव्या संहितेची. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट अट घालून साच्यातच बसवता येते: गुन्ह्याची तारीख अमुकच्या आधीची असेल तर हा मजकूर, नंतरची असेल तर तो. पण त्यासाठी एक नव्हे, दोन तारखा नोंदवून घ्याव्या लागतात. एक गुन्ह्याची आणि दुसरी कार्यवाही सुरू झाल्याची. एकाच तारखेवर दोन्ही गोष्टी ठरवणारा साचा बिनतक्रार चालतो आणि चुकीचा अर्ज काढून देतो.

तारखांचाच आणखी एक सापळा आहे. कलम १३८मध्ये मुदती तीन आहेत. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला हवेत. ते आले नाहीत, तर फिर्याद एका महिन्यात दाखल करायची. शेवटची मुदत ‘महिना’ आहे, ‘३० दिवस’ नाही. समजा नोटीस ५ फेब्रुवारी २०२५ला मिळाली. मिळाल्याचा दिवस सोडून १५ दिवस २० तारखेला संपले आणि २१ फेब्रुवारीला फिर्यादीचे कारण घडले. तो दिवस सोडून महिना २१ मार्चला पुरा होतो. साच्यात किंवा मुदतीच्या आठवणीत कुणी ‘अधिक ३० दिवस’ असे सूत्र लिहून ठेवले असेल, तर संगणक २३ मार्च दाखवेल आणि फिर्याद दोन दिवस उशिरा जाईल. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि पुरेसे कारण लागते. ‘सॉफ्टवेअरने तारीख चुकीची दाखवली’ हे कारण घेऊन न्यायाधीशांपुढे उभे राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आता साच्याच्या आत डोकावू. वर्डची फाईल पडद्यावर एकसंध कागदासारखी दिसते. प्रत्यक्षात ते एक झिप केलेले गाठोडे असते आणि मजकूर त्यातल्या एका एक्सएमएल फाईलमध्ये तुकड्या-तुकड्यांनी साठवलेला असतो. तुम्ही ‘पक्षकार_नाव’ ही खूण टाइप केली, मग मागे जाऊन तिच्यातले एक अक्षर दुरुस्त केले किंवा अर्धी खूण चुकून ठळक केली, की वर्ड तिचे आतल्या आत दोन-तीन तुकडे करू शकतो. पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. काही सॉफ्टवेअरना मात्र ती खूण सापडत नाही आणि नोटिशीत नावाऐवजी कंसांसकट खूणच छापून येते. यावरचा उपाय सोपा आहे. खूण दुरुस्त करत बसू नये. ती पूर्ण पुसावी आणि सॉफ्टवेअरच्या यादीतून पुन्हा उचलून साध्या मजकुरासारखी चिकटवावी. असेच अवतरणचिन्हांचे. अटीच्या सूत्रात सरळ चिन्हे लागतात आणि वर्ड ती आपणहून वळणदार करून टाकतो. सूत्र का चालत नाही म्हणून लोक तासन्‌तास शोधत बसतात, आणि दोष असतो त्या वळणात. साचा करायला बसण्यापूर्वी वर्डची ही आपोआप दुरुस्ती बंद करून ठेवावी.

परिच्छेदांच्या क्रमांकांकडेही बारकाईने पाहावे लागते. धनादेशाच्या फिर्यादीत आरोपी कंपनी असेल तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४१चा परिच्छेद यायला हवा. कंपनीला आरोपी केल्याशिवाय केवळ संचालकांवर खटला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये अनिता हाडा प्रकरणात स्पष्ट केले. आरोपी व्यक्ती असेल तर हा परिच्छेद गळतो. गळला की पुढचे क्रमांक आपोआप एकाने कमी होतात, पण ‘वर परिच्छेद ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ हे हाताने लिहिलेले वाक्य तसेच राहते आणि भलत्याच परिच्छेदाकडे बोट दाखवते. असे संदर्भ हाताने न लिहिता वर्डच्या ‘क्रॉस रेफरन्स’ने घालावेत.

मराठी मसुद्यांचे प्रश्न आणखी वेगळे. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत पुष्कळ काम मराठीत चालते आणि परदेशी सॉफ्टवेअरला त्याची कल्पना नसते. प्रतिज्ञापत्रात ‘मी प्रतिज्ञेवर कथन करतो की’ म्हणायचे की ‘करते की’, हे पक्षकार पुरुष की स्त्री यावर ठरते. पूर्वी टायपिस्ट ‘करतो/करते’ असे टाइप करून ठेवत आणि वकील नको तो शब्द पेनाने खोडत. साच्यात यासाठी लिंगाची एक नोंद आणि एक अट पुरते. पक्षकार अनेक असतील तर ‘आम्ही’साठी आणखी एक. जुन्या मराठी मसुद्यांची एक रीत मात्र साच्यांना फार सोयीची आहे. नावाला प्रत्यय न लावता ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’ असे पुढे लिहायचे. नाव कोणतेही येवो, त्याचे सामान्यरूप करावे लागत नाही. वाक्ये आधुनिक करण्याच्या भरात ही रीत मोडू नये.

फॉन्टचे दुखणे जुने आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले मसुदे कचेऱ्यांत ढिगाने पडून आहेत. त्या फायलींत मराठी अक्षरे खरी नसतात. आत रोमन लिपीचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. अशा साच्यात सॉफ्टवेअरमधले युनिकोडमधले नाव ओतले की एकाच ओळीत दोन जातींचा मजकूर येतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली तर अर्धी नोटीस निरर्थक इंग्रजी अक्षरांची दिसते. म्हणून साचा करण्यापूर्वी मसुदा युनिकोडमध्ये आणणे भागच आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ती रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी अनेकदा बिघडवतात. रूपांतरानंतर मसुदा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा.

रकमेतही एक बारकावा आहे. सॉफ्टवेअर पाश्चात्य पद्धतीवर बेतलेले असेल तर पाच लाखांचे स्वल्पविराम भलत्या जागी पडतात आणि अक्षरी रक्कम ‘पाचशे हजार’च्या वळणाने येते. तारीखही आधी महिना, मग दिवस अशी छापली जाऊ शकते. ५ फेब्रुवारीचा २ मे झाला तर मुदतीचा सगळा हिशेब कोलमडतो. साच्यात महिना नेहमी अक्षरी छापला जाईल अशी व्यवस्था करावी.

न्यायालयेसुद्धा आता साच्यांच्या भाषेत बोलू लागली आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कावेरी प्लास्टिक्सच्या निकालानंतर आठवड्याच्या आतच, २५ सप्टेंबर २०२५ला, संजबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर या गोव्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम १३८च्या खटल्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रत्येक फिर्यादीत अनुक्रमणिकेच्या लगेच पुढे ठरावीक नमुन्यातला सारांश हवा: पक्षकार कोण, धनादेशाचा क्रमांक, तारीख आणि बँक, तो कधी आणि कोणत्या कारणाने परत आला, नोटीस कधी व कशी पाठवली, कधी मिळाली, फिर्यादीचे कारण कधी घडले, मागणी काय. हा नमुना वाचताना लक्षात येते की यातली प्रत्येक ओळ म्हणजे सॉफ्टवेअरमधली एकेक नोंद आहे. ज्या कचेरीत ही माहिती नोटिशीच्या वेळीच नीट भरली गेली होती, तिला एक नवा साचा जोडला की सारांश तयार मिळाला. जिथे सगळे ‘सेव्ह ॲज’वर चालले होते, तिथे प्रत्येक फाईल पुन्हा चाळावी लागली. याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की या खटल्यांत दखल घेण्यापूर्वी आरोपीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३खाली बोलावण्याची गरज नाही. ज्यांनी वर्षभरात त्यासाठी फिर्यादीच्या साच्यात परिच्छेद घातले होते, त्यांना ते पुन्हा तपासावे लागले.

न्यायालयाच्या बाजूलाही हीच व्यवस्था आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालये जी ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ वापरतात, ती पुण्यातल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवली. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक तिथूनच येतो. आधी राज्य, जिल्हा व न्यायालय, मग अनुक्रमांक, शेवटी वर्ष. वकिलाच्या साच्यात या क्रमांकाला एक जागा राखून ठेवावी. दाखल होताना ती रिकामी असते, पण पुढच्या प्रत्येक अर्जावर, पुरशिसीवर, दरखास्तीवर क्रमांक आपोआप येत राहतो आणि कागद भलत्या फाईलला लागत नाही.

साचा बदलण्याची शिस्त काय असावी, यावर मी ठाम आहे. तयार नोटिशीत चूक सापडली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे जाण्याचा मोह होतो. पण साचा तसाच राहिला, तर उद्याच्या नोटिशीत तीच चूक परत येते. म्हणून चूक सापडताच आधी साचा दुरुस्त करावा आणि नोटीस नव्याने काढावी. साचा बदलण्याचा हक्क एका-दोघांकडेच असावा आणि त्यांतला एक वकील असावा. प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण साच्याच्या नावात किंवा सोबतच्या नोंदीत असावे. जुनी आवृत्ती जपून ठेवावी, पण रोजच्या यादीतून काढावी. बदललेला साचा वापरात आणण्यापूर्वी त्यावर अवघड प्रकरणे चालवून पाहावीत: दोन धनादेश, तीन भागीदार, कंपनी आरोपी, स्त्री फिर्यादी, रिकामा पत्ता. सरळ प्रकरण कोणताही साचा नीट काढून देतो. तो कुठे मोडतो, हे आडवळणाच्या प्रकरणातच कळते. साच्यात जुन्या पक्षकाराची नावे, शेरे, ‘ट्रॅक चेंजेस’मधले खोडलेले मजकूर राहिलेले नाहीत, हेही पाहावे. ते समोरच्या वकिलाच्या हाती गेले तर पक्षकाराच्या विश्वासाला तडा जातो.

एवढी काळजी घेतली, तरी शेवटी कागदावर सही माणसाची असते. तुमच्या वतीने कुणी वकील नोटीस पाठवणार असतील, तर ती टपालात पडण्यापूर्वी मसुदा मागून घ्या. धनादेश हातात धरा आणि क्रमांक, तारीख, बँकेचे नाव, आकडी रक्कम, अक्षरी रक्कम या पाच गोष्टी एकेक करून ताडून पाहा. वकीलसाहेबांना यात कमीपणा वाटणार नाही, आणि वाटला तरी ताडून पाहाच.